कचऱ्याच्या टेकडीवरचं माळवद

चारू, अशी दुरून काय ऐकतेस? सरक जवळ. पुण्यात बसली आहेस म्हणून काय झालं, कान तर इकडे करता येतो ना. परवा फोन केलास, म्हणालीस, आत्याआजी, आमच्या ऑफिसात कचऱ्याच्या डोंगरावर पांघरूण घालायचं काम आलंय, अगदी नवं शास्त्र आहे, तुला नाही कळायचं. आणि लगेच "चल, ठेवते." ठेवलास की! माझ्या भावाची नात तू, तुझ्यावर नाही रागवायचं तर कुणावर? ते तुझं नवं शास्त्र आमच्या परसदारी आलं होतं, तेव्हा तुझी आईसुद्धा जन्मली नव्हती. आता निवांत ऐक. मधेच उठायचं नाही.

आज सकाळी गॅलरीत गेले, तर कुंडीतल्या मातीनं कड सोडलेली. माती आणि कुंडी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट. मी तिथंच स्टूल ओढलं आणि बघत बसले. सून म्हणाली चहा गार होतोय, म्हटलं होऊ दे. मातीला भेग पडलेली दिसली की माझं असंच होतं. मला तो उन्हाळा आठवतो, बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराचा. बंगळूरचा उन्हाळा तुम्हा लोकांच्या हिशेबी उन्हाळाच नव्हे, ठाऊक आहे मला. सावलीत गेलं की गार. पण माती कुठली सावलीत जाते? ती आहे तिथंच पडून सगळं सोसते, आणि मग एक दिवस तोंड उघडते.

आम्ही तेव्हा राजाजीनगरच्या कडेला राहायचो. हे, म्हणजे तुझे आत्याआजोबा, एका कारखान्यात बांधकामाकडे इंजिनिअर होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागं परस, परसाला कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे जुनी दगडाची खाण. गावात जी मोठमोठी घरं दिसायची, त्यांचा दगड म्हणे तिथूनच गेलेला. गावानं दगड नेला आणि त्या जागी आपलं उष्टं आणून टाकलं. आधी बैलगाड्या यायच्या, मग लॉऱ्या यायला लागल्या. आम्ही राहायला आलो तेव्हा खड्डा भरत आला होता. बघता बघता त्याची टेकडी झाली.

तू नाक मुरडशील, पण मला त्या कचऱ्यावरून महिना कळायचा. मार्गशीर्ष-पौषात अवरेकाळूच्या शेंगांची टरफलं, म्हणजे आपल्या पावट्यासारख्या शेंगा बघ, घरोघरी ढीगभर सोललेल्या. त्यांचा तो तेलकट हिरवा वास लॉरीच्या आधी यायचा. कार्तिकात शेंगदाण्याची फोलं. दसरा झाला की कुंकू माखलेले फुटके कोहळे. उन्हाळ्यात फणसाची सालं आणि आंब्याच्या कोयी. चिकपेटेच्या बाजारातून कापडाच्या चिंध्या यायच्या, कधी जरीचा तुकडा उन्हात चमकायचा आणि कावळे त्यावर भांडायचे. अख्खं शहर काय जेवलं, काय नेसलं, कुठला सण केला, ते सगळं आमच्या भिंतीपलीकडे येऊन निजायचं. निजायचं असं मी म्हणते. आम्हाला तेव्हा तसंच वाटायचं, की एकदा टाकलं म्हणजे ते मेलं, संपलं.

टेकडीच्या खालच्या अंगाला पुट्टम्माक्काची बाग. बाग म्हणजे काय, मल्लिगे आणि कनकांबराचे वाफे. मल्लिगे म्हणजे मोगरा, आणि कनकांबर म्हणजे आपली अबोली. मधोमध दगडी विहीर, तिला लोखंडी कप्पी. पुट्टम्माक्का एकटी बाई, नवरा लवकर गेलेला. पहाटे फुलं तोडायची, दिवस वर यायच्या आत चिकपेटेत पोचायची. हाताच्या मापानं हार मोजायची, आणि तिचा हात लांब होता, म्हणून बायका तिच्याकडेच यायच्या. बोलायला मात्र फटकळ. आम्हा विजापूरकडच्यांचं कानडी ऐकून म्हणायची, अम्मा, तुम्ही बोलता की भाकरी थापता?

त्या बागेचं सगळं त्या विहिरीवर. आणि विहिरीला वास यायला लागला होता. आधी थोडा, पावसाळ्यात जास्त. कनकांबर दोन दिवस टिकायचं ते दुपारपर्यंत माना टाकायला लागलं. तिचा दीर देवनहळ्ळीला होता, चकोत्याची बाग राखायचा. चकोता म्हणजे आपलं पपनस. तो सारखा निरोप पाठवायचा, की वहिनी, त्या घाणीत काय राहता, इकडे या, मुलांना सांभाळा, दोन घास खा. पुट्टम्माक्काला ते नको होतं. सकाळी चिकपेटेत स्वतःची जागा, स्वतःचं गिऱ्हाईक, ते सोडून दिराच्या ओसरीवर बसायचं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. पण विहीर गेली असती तर तिला जावंच लागलं असतं.

ती खाणीची जागा कारखान्याकडे आली होती. कारखान्याच्या लोकांनी ह्यांना सांगितलं, कचरा टाकणं आता बंद, वर माती घाला आणि विषय मिटवा. हे काम ह्यांना मनापासून आवडलं. का, ते सांगते.

आम्ही दोघं माळवदाच्या मुलखातले. तू माळवद पाहिलंस का गं? आमच्याकडे कौलं नसत. वासे, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर निंबाचा पाला, त्यावर माती, आणि शेवटी पांढरी खारी माती चोपून चोपून अशी घट्ट करायची की वर पापड वाळत घालावेत. जरासा उतार पन्हाळीकडे. वर एक गवताचं पातं दिसू द्यायचं नाही. उगवलं की उपटलंच, कारण मुळं भेग पाडतात. ज्या घराच्या माळवदावर गवत दिसलं त्या घरातली बाई आळशी, असं आमच्याकडे सरळ तोंडावर म्हणत. आमचं सारं बालपण माळवदावर गेलं. तिथंच निजलो, तिथंच शेवया वाळवल्या. त्यामुळं मातीनं पाणी कसं अडवायचं म्हटल्यावर ह्यांच्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार? मला म्हणाले, टेकडीवर माळवद घालू. मलाही ते इतकं पटलं की मी शेजारणींना माझ्याच माहेरचं काही असल्यासारखं सांगत सुटले.

काम थंडीत झालं. तांबडी माती, चुना, थोडी खडी. बायका ओळीनं बसून चोपण्यांनी माती चोपायच्या, आणि तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा, धप धप धप, सगळ्यांचा हात एकदम. मी पोळ्या लाटत असले तर माझं लाटणं आपोआप त्या तालावर फिरायचं. संक्रांतीला टेकडी तयार. काय सांगू तुला, उगवतं ऊन तिच्यावर पडायचं तेव्हा तांब्याची परात उपडी घातल्यासारखी दिसायची. माशा गेल्या, धूर गेला. हे रोज संध्याकाळी वर जाऊन फेरी मारायचे, एखादं पातं दिसलं की वाकून उपटायचे. पुट्टम्माक्का खालून ओरडायची, की यजमानांनी डोंगराला टोपी घातली, आता चपला कधी घालणार? हे हसायचे. तेव्हा हसायला काही वाटत नव्हतं.

शिवरात्र झाली, ऊन चढलं, आणि पहिली भेग पडली.

केसाएवढीच होती. आम्ही गावाकडे करायचो तेच ह्यांनी केलं, मातीचा काला कालवून भेग बुजवली. चार दिवसांनी शेजारी दुसरी. मग एक अशी, की माझा हात मनगटापर्यंत आत जाईल. सपाट भाग मधेच खोलगट झाला. हे बुजवायचे, ती परत उघडायची. माळवद कधी असं वागत नाही. मी म्हटलं, चुना कमी पडला असेल. ह्यांनी चुना वाढवला. भेगा आणखी सरळ पडायला लागल्या, काच तडकावी तशा.

मग आंब्याची सर आली. चैत्रात येते ना इथं, एक तास झोडपते आणि जाते. आम्ही दोघं परसात उभे राहून बघत होतो, आता पाणी घसरून कडेला जाईल म्हणून. ते गेलंच नाही. टेकडीवर पाणी पडत होतं आणि जागच्या जागी नाहीसं होत होतं. सगळ्या भेगा पाणी पीत होत्या. नुसती उघडी टेकडी होती तेव्हा निदान पाणी पसरून तरी जायचं. आता त्या घट्ट मातीनं ते गोळा करून भेगांतून थेट पोटात पाठवलं. काही दिवसांनी पुट्टम्माक्का भरलेली घागर घेऊन आमच्या मागच्या दारी आली आणि ती भिंतीवर ठेवली. पाण्याचा रंग फक्कड कॉफीसारखा. वास मात्र कॉफीचा नव्हता. "नीरु केट्टोयतु, अम्मा," एवढंच म्हणाली. पाणी नासलं. तिच्या तोंडून एकही टोमणा आला नाही, त्याचीच मला भीती वाटली. मग हळूच म्हणाली, दसऱ्यापर्यंत बघते, नाहीतर दीर गाडी घेऊन येईल.

त्या दिवसापासून ती आमच्या परसातल्या नळावरून पाणी न्यायला लागली. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर, टेकडीला वळसा घालून. एवढ्या पाण्यात बाग जगते कुठली? निम्मे वाफे तिनं सोडून दिले. मल्लिगे तेवढी धरून ठेवली.

आणि मग ती संध्याकाळ. भेगा बुजवायला आलेल्या गड्यांपैकी एक जण बिडी पेटवायला भेगेजवळ बसला. त्यानं काडी ओढली आणि भेगेच्या तोंडावर निळी ज्योत उभी राहिली. उभी राहिली आणि पळत सुटली, भेगेभेगेनं, पाल भिंतीवरून सरकते तशी, वळणं घेत, पार टेकडीच्या दुसऱ्या टोकाला. आवाज नाही, धूर नाही. सगळ्या भेगा क्षणभर निळ्या अक्षरांसारख्या दिसल्या आणि विझल्या. गड्याच्या भुवया तेवढ्या गेल्या. मी भिंतीशी उभी होते, माझे हात आपोआप जोडले गेले. खालून पुट्टम्माक्का धावत आली, तिनं चपला काढल्या आणि जमिनीला डोकं टेकवलं. दुसऱ्या दिवशी तिनं तिथं नारळ फोडला. हे हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. ज्योत विझल्यावर बराच वेळ थांबून त्यांनी भेगेवर तळहात धरला, आणि मला हाक मारून म्हणाले, तू पण धर.

मी धरला. चारू, आतून ऊब येत होती. तवा उतरवल्यावर चुलीवर हात धरावा तशी नव्हे. ती ऊब ओलसर होती. निजलेल्या माणसाच्या नाकापुढे हात धर, तशी. आम्ही ज्याला मेलं समजून पुरलं होतं, ते श्वास घेत होतं. अवरेची टरफलं, दसऱ्याचे कोहळे, कोयी, चिंध्या, सगळ्या शहराचं टाकून दिलेलं तिथं अंधारात आपापसात शिजत होतं, खचत होतं, कूस बदलत होतं. माझ्या अंगावर काटा आला. घाणीची किळस म्हणून नव्हे, देवळाच्या गाभाऱ्यात एकदम गारवा लागला की येतो तसा.

रात्री जेवताना ह्यांचं अर्ध्या भाकरीवर मन. मग बोलले, "माळवदाखाली वासे असतात गं. वासे हलत नाहीत. मी छप्पर घातलं, पण ते कशावर घातलं, हे बघितलंच नाही." मी म्हटलं, मग छप्पर नको, वाकळ घाला. खाली निजलेलं कूस बदलेल तशी वाकळही वळते, फाटत नाही. हे मी आपलं बोलून गेले, बायका बोलतात तसं. वाकळ मातीची शिवायची कशी, हे मला काय ठाऊक? ते शोधायला ह्यांना वैशाख आणि अर्धा ज्येष्ठ गेला. परसात चुन्याच्या जुन्या डब्यांतून मातीचे थर लावलेले, कुठली जाडी, कुठली माती, आत ओला कचरा, वर पाणी ओतायचं आणि खालच्या भोकातून काय गळतं ते बघायचं. माझी तुळससुद्धा त्या डब्यांच्या मधे अडकली होती. किती डबे फसले म्हणून सांगू! कारखान्यातले लोक म्हणायचे, कचराच आहे, किती नादी लागायचं? ह्यांचं एकच उत्तर, की पाऊस आपल्यासाठी थांबणार नाही आणि त्या बाईची विहीर आपण बिघडवली आहे.

नवं काम असं झालं. तू शास्त्रात शिकलीस, बघ तुला पटतंय का. आधी सगळा चुन्याचा कडक थर फोडून काढला. माझ्या काळजात चर्र झालं, पण काढला. खोलगट जागा भरून दगडी रूळ फिरवला, बैल लावून, पुन्हा पुन्हा, म्हणजे जे खचायचं ते आत्ताच खचू दे. त्यावर फुटक्या विटांचा थर, श्वासाला वाट म्हणून, आणि त्यातून वर काढलेले मातीचे नळ, चिमणीसारखे. त्याच्यावर आटलेल्या तळ्यातली काळी चिकणमाती. ती ओलसर असतानाच पातळ थरांनी घालायची, दाबायची, आणि एक तासही उन्हाला दाखवायची नाही. ओली गोणपाटं घालून ठेवायची. बाळंतिणीला जपावं तसं ह्यांनी त्या मातीला जपलं. तिच्यात चुना नाही, खडी नाही. दाबली तर वळेल अशी ती हवी होती. आणि तिच्यावर हातभर तांबडी माती, मोकळी, अजिबात न चोपलेली. सगळ्याला कासवाच्या पाठीसारखा उतार, आणि भोवतीनं दगडी चर, पुट्टम्माक्काची विहीर चुकवून पलीकडच्या ओढ्याकडे नेलेला.

शेवटी ह्यांनी हरळी लावायला सांगितली. गवत! मी तर म्हटलं, आता काय लाज सोडायची का? ह्यांनाही सुरुवातीला बघवायचं नाही. संध्याकाळच्या फेरीत हात सवयीनं खाली जायचा आणि मग हे तो हात दुसऱ्या हातात धरून पाठीमागं ठेवायचे. मुळं वरच्या मातीत राहिली, तिला धरून बसली, आणि खालच्या चिकणमातीला सावली मिळाली. मी मघाशी म्हटलं ना, माती कुठली सावलीत जाते? तर सावलीच तिच्यापाशी आणायची असते, हे मला तेव्हा कळलं.

पाऊस आला. पाणी हिरवळीवरून घसरत कडेला गेलं, चरातून वाहिलं. आम्ही दोघं छत्रीत उभे राहून बघत होतो.

पण विहीर लगेच सुधारेल तर ती विहीर कसली? आधीच मुरलेलं होतं ते झिरपतच होतं. श्रावण गेला, गौरी-गणपती झाले, पाणी तसंच. दसऱ्याला दीर खरंच बैलगाडी घेऊन आला. मी भिंतीशी उभी राहून ऐकत होते. पुट्टम्माक्कानं त्याला जेवू घातलं, गाडीत चार हार ठेवले आणि सांगितलं, सुग्गी होऊ दे. सुग्गी म्हणजे इथली संक्रांत. संक्रांत झाली, तर म्हणाली, उगादी होऊ दे, म्हणजे आपला पाडवा. दीर चिडला, मग येईना झाला. आणि ती रोज आमच्या नळावर. तिची कंबर दुखायची, पण ती म्हणायची, अम्मा, स्वल्प वजन असलं की माणूस उडून जात नाही.

त्या थंडीतली टेकडी मी कधी विसरणार नाही. पहाटे सगळीकडे दव, पण टेकडीवर वेगळंच धुकं. नळांच्या तोंडून वाफ हळू हळू वर यायची, आणि गल्लीतली सगळी कुत्री त्या ऊबदार गवतावर अंग मुडपून झोपलेली. भोवती गावाचं गवत वाळलेलं, तिथलं हिरवं. मी दूध तापत ठेवून बघत उभी राहायची. किती दूध उतू घालवलं मी त्या दिवसांत! मला वाटायचं, आपण जे टाकतो ते कुठंही जात नाही, नुसतं आपल्या नजरेआड जातं, आणि तिथं ते आपलं मोठं काम चालू ठेवतं. आपण फक्त त्याला नीट निजू द्यायचं, आणि त्याचा श्वास कुणाच्या घागरीत जाऊ द्यायचा नाही. एवढं करायला सुद्धा किती शिकावं लागतं!

पुन्हा उन्हाळा आला. शिवरात्र गेली. ह्यांनी रोज गुडघ्यावर बसून गवत बाजूला करून बघितलं. टेकडी दोन-तीन ठिकाणी खचली, पण फाटली नाही. माती वळली होती, तुटली नव्हती.

आणि एक दिवस सकाळी पुट्टम्माक्का नळावर आलीच नाही. मी नळाखाली बादली लावून वाट बघितली. नळाचं पाणी जायची वेळ झाली. मला वाटलं, संपलं, गेली देवनहळ्ळीला, सांगायचा धीर झाला नसेल. पदर खोचला आणि वळसा न घालता तशीच टेकडीवरून पलीकडे उतरले, अनवाणी, गवतातून.

ती विहिरीवर होती. दोर सोडला होता आणि घागर वर ओढत होती. कप्पी अशी कुरकुरत होती की कान किटावेत, वर्षभर कुणी फिरवलीच नव्हती ना. काठावर भरलेली एक घागर. मी आत बघितलं. पाणी नितळ, तळ दिसत होता. मी ओंजळीत घेऊन वास घेतला. पाण्याला पाण्याचा वास होता. ती माझ्याकडे बघेना, कप्पीला शिव्या घालत राहिली, आणि तिचे डोळे मात्र नुसते वाहत होते. मग दोर पायाखाली दाबून, पदरानं तोंड पुसून म्हणाली, "अम्मा, नुसत्या उभ्या काय राहिलात? घरात स्वल्प एण्णे असेल तर आणा." एण्णे म्हणजे तेल. मी उलटी टेकडी चढून तेलाची बुधली आणायला पळाले, आणि परसात डबे धूत बसलेल्या ह्यांना धापा टाकत एवढंच सांगितलं, की उठा, कप्पीला तेल घालायला चला.

ती विहीर अजून आहे, चारू. आता तिच्यावर जाळी आहे आणि टेकडीवर बाग, लोक कानात वायरी घालून फेऱ्या मारतात. तुझी नकाशांची कामं होतच राहतील, गं. मे महिना संपायच्या आत ये. माझे गुडघे आता एका दमात चढू देत नाहीत, तर आपण बाकाबाकावर टेकत वर जाऊ, आणि तू मला सगळं तुझं नवं शास्त्र सांग. मी मधे बोलणार नाही. बोललेच तर थोडंसं. ये, वाट बघते.